दुसऱ्यासाठी धरलेली रांग

प्रभूचा बाप्तिस्मा झाला ती यार्देन नदी पाहिल्यावर सुवार्ताबाई खंडागळे यांच्या मनात आलं, की आपली पूर्णा हिच्या तिप्पट रुंद आहे. आणि लगेच दुसरं आलं, की इथे टेकायला कुठे जागा असेल का.

शुक्रवार होता, सतरा फेब्रुवारी दोन हजार तेवीस, पवित्र भूमीच्या सहलीचा सहावा दिवस. रोज पहाटे पाचला दारावर टकटक, सहाला नाश्ता, साडेसहाला बस. बत्तीस माणसांचा तांडा. पुढे निळी छत्री उंच धरून चालणारे नागपूरच्या चर्चचे पाळक शेखर, आणि सगळ्यांत मागे, खामगावच्या सुवार्ताबाई. इथे प्रभूने आंधळ्याला दृष्टी दिली, तिथे प्रभू रडला, असं ऐकत सहा दिवसांत त्या इतक्या पायऱ्या चढल्या-उतरल्या होत्या, की डोळे मिटले तरी पायऱ्याच दिसत. अडुसष्ट वर्षांचे पाय सुजले होते. जन्म नर्सच्या नोकरीत गेलेला. घोट्यावर अंगठा दाबायचा आणि पडलेला खळगा किती वेळ राहतो ते मोजायचं, ही त्यांची सवय. काल तो मनातल्या मनात आठ म्हणेपर्यंत राहिला होता.

नदीत उतरायला कठडे लावलेल्या पायऱ्या होत्या. तिथे पांढरे झगे भाड्याने मिळत. सुवार्ताबाईंच्या वाट्याला आलेला झगा कुणा उंच माणसाच्या मापाचा होता. चिखलातून जाताना लुगडं धरतात तसा तो दोन्ही हातांनी वर धरून त्या रांगेत उभ्या राहिल्या. निवृत्तीरावांना हा बरोबर झाला असता, असं त्यांना वाटलं. पाणी गार होतं. बोटभर मासे येऊन पोटऱ्यांना तोंड लावत होते आणि रांगेतल्या बायका अंग चोरून हसत होत्या. सुवार्ताबाईंच्या पुढे अकरा जण होते.

खरं म्हणजे या रांगेत उभं राहायचं त्यांना काही कारण नव्हतं. त्यांचा बाप्तिस्मा एकोणीसशे सत्तरच्या ईस्टरला झाला होता. खामगावच्या त्यांच्या ख्रिस्तमंदिरात व्यासपीठाच्या फळ्या उचलल्या की खाली सिमेंटचा हौद आहे. तो बादल्यांनी भरून म्हाताऱ्या पाळकांनी सात मुलींना एका सकाळी बुडवून काढलं, त्यांतली ही पंधरा वर्षांची तिसरी. बाप्तिस्मा माणसाचा एकदाच होतो हे त्यांना संडे स्कूलपासून पाठ. बाकीचे लोक 'नवीकरण' म्हणून पाण्यात उतरत होते. सुवार्ताबाईंना कसलं नवीकरण करायचं नव्हतं. त्या आपल्या नवऱ्याचा बाप्तिस्मा घ्यायला आल्या होत्या. नवरा जाऊन पावणेसात वर्षं झाली होती.

हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. मुलगी प्रेरणा पुण्याला असते. आई कुठे गेली नाही, काही पाहिलं नाही, म्हणून तिने या सहलीत नाव घातलं, तेव्हा सुवार्ताबाईंनी एकदाही नको म्हटलं नाही. प्रेरणाला त्याचंच नवल वाटलं.

निवृत्तीराव मूळचे बीबीचे, लोणार तालुक्यातले. घर वारकऱ्यांचं, आईच्या गळ्यात माळ. एकोणऐंशी साली सुवार्ताबाई तिथल्या दवाखान्यात नर्स म्हणून गेल्या आणि हे तिथे पोस्टमन होते. खामगावहून येणारं वडिलांचं कार्ड ते आधी स्वतः वाचत आणि दारात उभं राहून मजकूर तोंडी सांगत. दोन वर्षांनी लग्नाची गोष्ट निघाली तेव्हा त्यांच्या आईने फार आरडाओरडा केला नाही. तिने मुलाचा हात आपल्या हातात घेतला आणि एवढंच मागितलं: "लगन कर. पन मी जिती हाये तोवर त्यायचं पानी घेऊ नको. माह्या मातीले माहाच पोरगा पाह्यजे."

निवृत्तीरावांनी बाप्तिस्मा न घेण्याचा शब्द दिला. बाहेर आल्यावर ते सुवार्ताबाईंना म्हणाले, की बुढी दम्याची हाये, वरीस-दोन वरीस निघन, मग घेऊ.

म्हातारी त्यानंतर पस्तीस वर्षं जगली. तिला जगवलं सुवार्ताबाईंनीच. दमा उठला की बीबीहून निरोप यायचा, आणि त्या मिळेल त्या गाडीने निघायच्या. सुई टोचायची तर म्हातारीला उजेडात बसवावं लागे, शीर सापडत नसे. "बसवा मले उजेडात, आली नर्सीनबाई," म्हणून ती स्वतःच गोधडी ओढत दाराशी सरकायची. सून म्हणून तिने कधी हाक मारली नाही, पस्तीस वर्षं नर्सीनबाईच. आपण आपल्याच हाताने शब्दाची मुदत वाढवतो आहोत, हे सुवार्ताबाईंना कळत होतं. पण हातात सुई असताना असा हिशेब कोणती नर्स करील?

निवृत्तीरावांची बदली खामगावला झाली आणि दर रविवारी ते मंदिरात येऊ लागले. शेवटचा बाक, भिंतीकडची जागा. खुर्च्या मांडायला पहिले, उचलायला शेवटचे. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाचं तबक बाकाबाकावरून हातोहात जाई. ते शेवटच्या बाकावर आलं की निवृत्तीराव दोन्ही हातांनी धरत, क्षणभर पाहत आणि पुढच्याला देत. त्यातला भाकरीचा तुकडा बाप्तिस्मा झालेल्यांनीच घ्यायचा, तो त्यांनी कधी उचलला नाही. सुवार्ताबाई बायकांच्या बाजूला बसत, पण त्या क्षणी मागे न पाहताही त्यांना तबक कुठे पोचलं ते कळे.

सोळा सालच्या मे महिन्यात, नऊ तारखेला, बासष्टाव्या वर्षी, निवृत्तीराव दुपारचं जेवून उठले आणि हात धुताना खाली बसले ते बसलेच. म्हातारी तेव्हा एक्याण्णवची होती आणि बीबीला ओसरीवर धडधाकट बसलेली होती. ती चार महिन्यांनी गेली.

त्या दुपारी मंडळीचे, म्हणजे चर्चचे, पंच दोन तास बसले. कबरस्तानात जागा बाप्तिस्मा होऊन नोंदवहीत नाव आलेल्या सभासदालाच, हा नियम सगळ्यांना माहीत होता. तो मोडावा असं बहुतेकांना वाटत होतं, पण पहिल्यांदा मोडायला कुणाचा हात उठेना. सर्वांत वयस्कर पंच रडले. तेवढ्यात निवृत्तीरावांचे धाकटे भाऊ महादेवराव बीबीहून जीप घेऊन आले आणि म्हणाले, आमच्यात जाळत नाहीत, माती देतात, दादाले आमच्या वावरात नेतो. मंडळीचे लोकही दोन गाड्या करून मागे गेले, वावरात उभं राहून त्यांनी दोन गीतं म्हटली. कुणी वाईट वागलं असं सुवार्ताबाईंना म्हणता येईना. वाईट वागले असते तर रागावता तरी आलं असतं. उरला तो नुसता थकवा. नवरा बीबीच्या बांधाला, आपण उद्या खामगावच्या भिंतीआड, आणि मध्ये शंभरेक किलोमीटरची एसटी.

पवित्र शास्त्रातल्या एका पत्रात, मेलेल्यांसाठी बाप्तिस्मा घेणाऱ्यांचा उल्लेख आहे. एवढीच एक ओळ. सुवार्ताबाईंनी तिच्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली होती. खामगावच्या पाळकांना त्यांनी सहज म्हणून अर्थ विचारला, तर ते म्हणाले की त्या ओळीवर आपण काही बांधत नाही. पण सुवार्ताबाईंनी बांधलं. यार्देनवर बाप्तिस्म्याचा कागद मिळतो असं त्यांनी ऐकलं होतं. पाळक नाव विचारतील तेव्हा निवृत्ती सांगायचं. कागदावर निवृत्ती येईल. तो पंचांपुढे ठेवायचा. कागदापुढे पंचांना काही बोलता येत नाही, हे त्यांनी नवऱ्याच्या मातीच्या दिवशी पाहिलंच होतं. मग आणता येतील हाडं खामगावला, आपल्या शेजारी.

रांग सरकत होती. अकराचे सात झाले, सातांचे तीन. पुढचा माणूस पाण्याखाली जाऊन वर आला, खोकला, रडला, हसला. शेखर पाळकांनी सुवार्ताबाईंसाठी हात पुढे केला आणि नाव विचारलं.

त्यांनी तोंड उघडलं. निवृत्तीरावांचं नाव जिभेवर आलंही होतं. पण त्याच वेळी त्यांना दिसलं ते तबक, दोन्ही हातांनी धरलेलं. चौतीस वर्षांत कुणी निवृत्तीरावांचा हात धरून ठेवला नव्हता. तुकडा हाताशी होता. बुढी बीबीला होती, तिला कळलंही नसतं. तरी त्यांनी घेतला नाही. शब्द पाळायला त्या माणसाला जन्म लागला, आणि बायको तो यार्देनवर, पोटरीभर पाण्यात, मागे माणसं खोळंबलेली असताना मोडणार होती.

"मावशी, गार वाटतंय का? घट्ट धरा मला," पाळक म्हणाले.

"माझं एकदा झालंय, पाळकसाहेब."

"मग रांगेत काऊन उभ्या राहिल्या?"

"दुसऱ्यासाठी उभी होते," सुवार्ताबाई म्हणाल्या. "पण त्याला नकोय."

पाळकांना काही समजलं नाही, पण माणूस समजूतदार होता. त्यांनी हात धरून त्यांना वळवलं आणि कठड्यापर्यंत पोचवलं. झगा गुडघ्यापर्यंतच भिजला होता. खामगावच्या शेजारीण सिंधूताई यांनी दिलेला तांब्याचा लहान गडू तेवढा त्यांनी पायरीवर बसून भरला, झाकण लावलं, आणि बाकीचे होईपर्यंत तिथेच बसून राहिल्या. सहा दिवसांत पहिल्यांदा धड बसायला मिळालं.

संध्याकाळी बसमध्ये सगळ्यांना कागद वाटले. जाड, गुळगुळीत, नदीचं चित्र असलेले. नावं नदीवर लिहून घेतलीच नव्हती. पासपोर्टांच्या यादीवरून ती आदल्या दिवशीच छापून तयार होती. कोण बुडालं, कोण कोरडं राहिलं, कागदाला त्याची खबर नव्हती. सुवार्ताबाईंनी आपला कागद चष्मा लावून वाचला. इंग्रजीत लिहिलं होतं, की सुवार्ता निवृत्ती खंडागळे यांचा यार्देन नदीत बाप्तिस्मा झाला.

त्यांनी तो दोनदा वाचला. आपल्याकडे बाईच्या नावात नवऱ्याचं नाव मध्ये येतंच. रेशनकार्डावर, पेन्शनच्या पुस्तकावर, मतदानाच्या यादीत, त्यांनी ते आपलं म्हणून कधी वाचलंही नव्हतं. जे खोटं बोलून मागायचं होतं ते न मागता, चुकीचं होऊन, हातात आलं होतं. पंचांपुढे हे ठेवता येणार नाही, एवढं त्यांना कळत होतं. त्यांनी त्याची चौघडी केली, पर्समध्ये ठेवली आणि खिडकीला डोकं टेकून झोपल्या.

खामगावला परतल्यावर दोन दिवस त्या नुसत्या पडून होत्या. तिसऱ्या दिवशी सिंधूताई आल्या. गडू हातात घेऊन आधी त्याला नमस्कार केला, मग हलवून पाहिला, भरलेला आहे ना म्हणून. मग मावंदं केव्हा करता म्हणून विचारलं. काशीहून आलं की आणलेल्या गंगेची पूजा करून चार माणसं जेवू घालायची, ते मावंदं. सुवार्ताबाई म्हणाल्या, आमच्यात तसलं काही नसतं. सिंधूताईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, की पाणी आणलं तर माणसं जेवलीच पाहिजेत. पाणी तुमचं, वरण-बट्टी माझी.

हसता हसता सुवार्ताबाईंचे डोळे भरले, आणि जे प्रेरणालाही सांगितलं नव्हतं ते त्यांनी ओसरीवर बसून सिंधूताईंना सांगितलं. रांग, नाव, कागद, सगळं.

सिंधूताईंना यात अडचण कुठे आहे तेच कळेना. "माह्या मालकाच्या नावानं मीबी मारली होती एक बुडी गंगेत. सासऱ्याच्या नावानं एक, अन् मांजर मेलं होतं त्याच्या नावानं एक. इचारते कोन?"

"आमच्यात विचारतात, सिंधूताई."

"कोन इचारते?"

"नोंदवही."

सिंधूताईंनी गडू खाली ठेवला. मग उठता उठता म्हणाल्या, की तुम्ही त्याले इकडं आनाले एवढ्या दूर जाऊन आल्या, एकडाव त्याच्याकडंच जाऊन पाहा ना.

सुवार्ताबाई दर वर्षी नऊ मेला बीबीला जात. सकाळच्या गाडीने मेहकर, तिथून जालन्याची गाडी, बांधावर अर्धा तास, चहा, आणि परत. या खेपेला त्या मार्चच्या पहिल्या मंगळवारी निघाल्या. मेहकरला पाऊण तास गाडी नव्हती. फलाटाच्या कट्ट्यावर बसून त्यांनी महादेवरावांशी काय बोलायचं ते जुळवलं. मी तुमच्या देवाची नाही, तुमच्या जातीची नाही. वावर तुमचं, पोट त्याच्यावर. तरी सहा फूट जागा मागते. नाही म्हणालात तर राग नाही. एवढंच. दोनदा जुळवून पाहिलं.

बीबीला उतरून वावरात पोचेपर्यंत उन्हं चढली होती. महादेवराव विहिरीवर मोटर बंद करत होते. पासष्टीचा माणूस, डोक्याला पांढरा रुमाल. अवेळी आलेल्या वहिनीला पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली, कुणी गेलं की काय म्हणून. सुवार्ताबाईंनी मानेनेच नाही म्हटलं आणि बांधाकडे चालू लागल्या.

मे महिन्यात सगळं वावर नांगरून उघडं पडलेलं असतं. ढेकळांत ढेकूळ, काही वेगळं दिसत नाही. आज गहू उभा होता, पिवळा, कमरेइतका. बांधाला लागून म्हातारीच्या मातीवरचा ओटा, त्याला लागून निवृत्तीरावांचा, आणि निवृत्तीरावांच्या अलीकडे, वावराच्या बाजूने, गहू थांबला होता. एक माणूस लांब आणि दोन हात रुंद असा मोकळा तुकडा, तण काढलेला, कडेने सरळ रेघ.

जुळवलेलं सगळं विसरून त्यांनी विचारलं, "इथं काऊन नाही पेरलं?"

महादेवरावांनी रुमाल काढला, पुन्हा बांधला. "थे तुमचं हाये, वैनी."

त्यांनी वाकून त्या सरळ रेघेला हात लावला.

"बुढीनं सांगून ठेवलं होतं मरायच्या आधी," ते म्हणाले. "मले बांधाकून ठेवा म्हने. वावराकडली बाजू नर्सीनबाईची, तिले उजेड लागते. सात वरसं झाली, पेरत नाही आमी."

"मला कधी बोलला नाहीत."

"जित्या मानसाले कसं सांगाव, का ही तुमची जागा हाये म्हनून? तुमी चहा पिऊन जाऊन राह्यल्या दर वर्षी. अन् तुमची तं तिकडं हायेच ना, खामगावले. पक्की. भिताडाची."

सुवार्ताबाईंनी चपला काढल्या आणि त्या मोकळ्या तुकड्याच्या कडेला बसल्या. गुडघा वाजला. मातीचा गारवा तळव्यांना लागला. महादेवरावांनी विचारलं, लय थकल्या का? त्या हो म्हणाल्या. मग बसा, म्हणून ते मोटरकडे गेले, चहाचं सांगून येतो म्हणाले.

त्यांनी पर्स उघडली. त्यात कागद म्हणून एकच होता, यार्देनवरचा. चौघडी उलगडली, पाठीमागची कोरी बाजू वर घेतली, गुडघ्यावर पर्स, पर्सवर कागद, आणि बॉलपेनने अक्षर लावून लिहिलं: माननीय पाळकसाहेब, माझी माती बीबी येथे माझ्या पतीशेजारी, वावराच्या बाजूने, द्यावी. खामगावच्या कबरस्तानातली माझी जागा दुसऱ्या कुणाला द्यावी. त्या दिवशी मंडळीने येऊन दोन गीतं म्हणावीत, मागच्या वेळी म्हटली तीच. खाली तारीख, सात मार्च दोन हजार तेवीस. सही पूर्ण नावाने केली, तिन्ही शब्द.

हा कागद पाळक नोंदवहीतच लावून ठेवणार. दुसरीकडे ठेवायची त्यांच्याकडे सोयच नाही. पलटून पुढची बाजू वाचायची की नाही, ते त्यांचं त्यांनी ठरवावं.

साक्षीची सही महादेवरावांची घ्यावी लागणार होती, आणि ते चष्मा घरी ठेवून आले होते. सुवार्ताबाईंनी घोट्यावर अंगठा दाबला आणि सवयीने मोजायला लागल्या, पण चारच्या पुढे मोजलं नाही. मेहकरच्या गाडीला अजून तासभर होता. विहिरीची मोटर पुन्हा सुरू झाली. त्या तिथेच बसून राहिल्या.